थाप

टेबल सोडताना आम्ही एकदा टाळी वाजवतो,
तळहात उताणे करून छताला दाखवतो.
छतात डोळा आहे. त्याला कळायला हवं
बोटांच्या बेचक्यात काही अडकलेलं नाही.
आज वरच्या डेकवर पंचानं कमलेशचे हातही
तसेच पाहिले, पालथे, उताणे, नखंसुद्धा.
मी खालून पडद्यावर बघितलं. आवाज बंद होता.

मांडवीत नांगरलेली ही बोट कुठे जात नाही.
गिऱ्हाईक आणावं लागतं, आणि शनिवारी
त्यासाठी पिंजरा उभा राहतो.
आठ बाजूंची जाळी. पुढचे सोफे फुकट,
मागल्या खेपेला ज्यांनी भरपूर घालवलं त्यांना.
पिंटो मॅनेजर म्हणतात, पिंजरा तोट्यातच असतो, पोरी,
आपण कमावतो जिन्यावर.
एक झुंज संपून दुसरी लागेपर्यंत वीस मिनिटं.
माणसं जिना उतरतात
दुसऱ्याची मारामारी अंगात घेऊन
आणि हजाराच्या जागी दहा हजार ठेवतात.

कमलेश आरोंद्याचा, आमच्याच वाडीतला.
बाप तरीवर होता, पूल झाला तसा घरी बसला.
जत्रेत दहीकाल्याला हा राक्षस व्हायचा
आणि पहाटेपर्यंत मरायचा नाही;
देव दमायचा, पेटीवाला दमायचा.
इथे त्याचं नाव कोकण कोब्रा.
माझं, छातीवरच्या पट्टीवर, रिया.

दुसऱ्या फेरीत त्याचा उजवा हात
समोरच्याच्या मांड्यांत सापडला. कोपर उलटं वळलं.
सुटायचं तर थाप मारायची असते,
दोनदा, अंगावर नाहीतर चटईवर.
म्हणजे पुरे. सोड. मानलं.
त्याचा डावा हात वर आला
आणि हवेतच राहिला.
पंचानं झुंज तोडली तेव्हा
माझ्या टेबलावरचा सुरतचा माणूस म्हणाला, पत्ते वाट.

तीन वाजता तो येऊन समोर बसला.
हात झोळीत, झोळीत बर्फाची पिशवी,
आणि लढणाऱ्या प्रत्येकाला मिळतं ते कूपन,
पाच हजारांचं, खेळता येणारं, वटवता न येणारं.
ओळखीचं माणूस बसलं तर वर सांगायचं असा नियम आहे.
मी सांगितलं नाही.
त्यानं पट्टी वाचली. "गुड इव्हिनिंग, रिया."

सत्ती नि पंजी. बारा.
माझी दश्शी उघडी.
इथेही थापच मारायची असते,
हिरव्या कापडावर, दोन बोटांनी.
म्हणजे अजून. दे. येऊ दे.
डाव्या हातानं मारली त्यानं,
त्याच डाव्या.
राजा. बावीस.
मी कूपन ओढून घेतलं.

मग पाकीट काढलं, हरलेल्याचे वीस हजार,
रबर बँड तसाच.
मी मोजले, पसरले, कॅमेऱ्याला दाखवले, चिप्स दिल्या.
थाप. थाप.
चौदावर मारली. सोळावर मारली.
एकदा एकोणीस होते तरी बोटं कापडाकडे गेली,
मी वाट पाहिली जास्त, नियमापेक्षा जास्त,
आणि ती मागे गेली. तो एकच डाव जिंकला.
पिंटो लांबून बघत होते,
भरती किती चढली ते बघावं तसे.

साडेपाचला मी टाळी वाजवली. तळहात दाखवले.
जेटीवर तो उभा होता. चहाची टपरी उघडत होती.
"बसचे पैसे आसत माझ्याकडे," म्हणाला.
थाप होती.
स्कूटीवर मागे बसला. म्हापसा गेलं, पेडणे गेलं.
झोळीतला बर्फ वितळून माझ्या पाठीवर ठिबकत होता,
मी काही म्हटलं नाही, त्यानंही नाही.
किरणपाणीच्या पुलावर आलो.
खाली ओहोटी, आणि बापाच्या तरीचा जुना धक्का,
चिखलात उतरून तिथेच संपणारा.

माझ्या खांद्यावर दोनदा थाप पडली.
मी ब्रेक दाबला.

"कित्याक थांबलंस?" तो म्हणाला.